कानशिलावरून मेंदूचा रक्तप्रवाह: टीसीडीची भरवशाची नोंद कशी घ्यावी

मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्तापैकी सुमारे १५ टक्के रक्त आणि शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के प्राणवायू त्याला लागतो. निरोगी माणसात मेंदूच्या दर १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला ५० मिलीच्या आसपास रक्त मिळतं. हा पुरवठा २० च्या खाली गेला की पेशींचं विद्युत काम बंद पडतं, पण पेशी जिवंत असतात. १० च्या आसपास आला की त्या मरू लागतात. या दोन आकड्यांमधला पट्टा म्हणजे पेनम्ब्रा. १९८१ साली ॲस्ट्रुप, सिएस्यो आणि सायमन यांनी त्याची मांडणी केली आणि स्ट्रोकचे आजचे तातडीचे उपचार याच पट्ट्याला वाचवण्यासाठी चालतात.

डोक्याला मार लागल्यानंतर चित्र दिवसागणिक बदलतं. मार्टिन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये गंभीर दुखापतीच्या रुग्णांत तीन टप्पे दाखवले: पहिल्या दिवशी प्रवाह कमी, १ ते ३ दिवसांत गरजेपेक्षा जास्त, आणि ४ ते १५ दिवसांत धमन्या आकसण्याचा काळ. सीटी परफ्युजन किंवा एमआरआय यातल्या एका क्षणाचं चित्र देतं. ते चित्र उत्तम असतं, पण रुग्णाला दर तासाला स्कॅनला नेता येत नाही. खाटेशेजारी, दर ठोक्याला, किरणोत्साराशिवाय नोंद हवी असेल तर ट्रान्सक्रेनियल डॉप्लर, म्हणजे टीसीडी (कवटीच्या हाडातून ध्वनिलहरी सोडून मेंदूच्या धमनीतल्या रक्ताचा वेग मोजणं), हाच व्यवहार्य मार्ग आहे. रूने आस्लिड आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये २ मेगाहर्ट्झचा प्रोब कानशिलावर ठेवून तो दाखवून दिला.

हा लेख अशा नोंदी घेऊन संशोधन करू पाहणाऱ्यांसाठी आहे: एमडी-डीएमचे विद्यार्थी, शरीरक्रियाशास्त्र आणि फिजिओथेरपीचे संशोधक, बायोमेडिकलचे अभियंते. निदान आणि उपचाराचे निर्णय न्यूरॉलॉजिस्ट आणि आयसीयूच्या डॉक्टरांचे.

आधी हे पक्कं करा: आपण प्रवाह मोजत नाही, वेग मोजतो

टीसीडी पडद्यावर सेंमी/सेकंद दाखवतो, मिली/मिनिट नाही. पाट एका ठिकाणी अरुंद झाला की तिथलं पाणी धावतं, पण शेतात पोचतं तेवढंच, कदाचित कमीच. धमनीचंही तसंच. वेग वाढला तर रक्त जास्त जातंय किंवा धमनी आकसली आहे, आणि निव्वळ वेगाच्या आकड्यावरून यातलं कोणतं खरं ते सांगता येत नाही.

वेगातला बदल हा प्रवाहातला बदल मानायचा असेल तर त्या वेळात धमनीचा व्यास स्थिर राहिला, असं गृहीत धरावं लागतं. मेंदूची मधली मोठी धमनी, एमसीए, साधारण ३ मिमी व्यासाची असते. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा बदल लहान असेल तर हे गृहीतक टिकतं. बदल ७-८ मिमी पाऱ्याच्या पुढे गेला की व्यास हलतो, हे अलीकडच्या एमआरआय अभ्यासांत दिसलं आहे. व्यास ४ टक्क्यांनी वाढला तर क्षेत्रफळ ८ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे वेगाच्या आकड्यात प्रवाहाची तेवढी वाढ दिसतच नाही.

म्हणून आमचा आग्रह एकच: सोबत रक्तदाब आणि कार्बन डायऑक्साइडची नोंद नसेल तर वेगाची नोंद संशोधनासाठी वापरू नका. पुढचं सगळं याच आग्रहाभोवती आहे.

सामान आणि परवानग्या

लागणारं सामान: २ मेगाहर्ट्झचे दोन प्रोब असलेलं टीसीडी यंत्र, डोक्यावर प्रोब घट्ट धरणारी फ्रेम, दर ठोक्याचा रक्तदाब देणारं साधन (बोटाचा कफ किंवा आयसीयूत धमनीतली लाइन), नाकाशी लावायच्या नळीचा कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र), ईसीजी, आणि हे सगळे सिग्नल एकाच घड्याळावर घेणारी डेटा नोंदणीची पेटी. यंत्र निवडताना विक्रेत्याला एकच प्रश्न ठासून विचारा: वेगाच्या आलेखाची वरची कड, म्हणजे एन्व्हलप, बाहेर अखंड सिग्नल म्हणून मिळते का? केवळ पडद्याची छबी किंवा पीडीएफ देणारं यंत्र तपासणीला चालेल, या कामाला नाही. निदान १०० हर्ट्झने नोंद व्हावी.

टीसीडी हेही अल्ट्रासाउंडच. यंत्र आणण्याआधी पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या, कायद्याखालच्या नोंदणीबद्दल आपल्या भागातल्या समुचित प्राधिकाऱ्याला लेखी विचारा आणि उत्तर फाइलला लावून ठेवा. नैतिक समितीची मंजुरी आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घ्या आणि अभ्यास सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत, नोंदवा. स्ट्रोकच्या रुग्णाची वाचा गेलेली असते, डोक्याला मार लागलेला बेशुद्ध असतो. तिथे कायद्याने मान्य प्रतिनिधीची संमती चालते, पण रुग्ण समजण्याच्या स्थितीत आला की त्याची स्वतःची संमती घ्यायलाच हवी. संमतीपत्र सोप्या मराठीत लिहा. ‘मेंदूला शॉक देणार का?’ ही नातेवाइकांची शंका आधीच ओळखून त्यात स्पष्ट लिहा: सोनोग्राफीसारख्याच ध्वनिलहरी, सुई नाही, वीज नाही.

येणाऱ्याला आदल्या दिवशी काय सांगायचं

चहा-कॉफी १२ तास बंद. कॅफीनमुळे मेंदूचा रक्तप्रवाह २० टक्क्यांहून अधिक घटू शकतो, आणि सकाळचा एक कप पुरेसा असतो. सिगारेट, तंबाखू, मिश्री, गुटखा तेवढाच वेळ बंद. नेमकं नाव घेऊन विचारा. ‘व्यसन आहे का?’ असं विचारलं तर मिश्री लावणारी आजी ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या दृष्टीने ते खरंच असतं. आदल्या दिवशी जड व्यायाम नको. डोक्याला तेल लावून येऊ नका असंही सांगा. तेलाने फ्रेम सरकते, आणि १० मिनिटांच्या नोंदीत ती एक मिलिमीटर सरकली तरी सिग्नल हातचा जातो.

हिमोग्लोबिन त्याच आठवड्यातलं हवं. रक्त पातळ असेल तर वेग वाढतो. आपल्याकडे ॲनिमिया इतका सर्रास आहे की ही एक नोंद राहिली तर दोन गटांतला फरक आजाराचा की रक्तक्षयाचा, हे पुढे कधीच सुटत नाही.

खिडकी शोधणं

खिडकी म्हणजे कवटीच्या हाडातली अशी जागा, जिथून ध्वनिलहरी आत जाऊ शकतात. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. खोटे निकाल बहुतेक वेळा सॉफ्टवेअरमध्ये नव्हे, प्रोबखाली तयार होतात.

रुग्ण उताणा, डोकं सरळ, आजूबाजूला शांतता. कानशिलाचं हाड जिथे सर्वांत पातळ असतं ती जागा गालफडाच्या हाडाच्या कमानीच्या वर, डोळ्याची बाहेरची कड आणि कान यांच्या मधे. बहुतेकांत ती कानाच्या अगदी पुढे, कमानीच्या किंचित वर मिळते. जेल सढळ हाताने लावा. पॉवर पूर्ण, खोली (त्वचेपासून किती आतला सिग्नल घ्यायचा ते अंतर) ५० ते ५५ मिमी, सॅम्पलची (त्या खोलीवर ऐकल्या जाणाऱ्या पट्ट्याची) लांबी १० ते १२ मिमी. प्रोब त्वचेला काटकोनात टेकवा आणि मग अगदी थोडा पुढे आणि वर झुकवा. आता हात जागेवरून न हलवता मनगटातून छोटे गोल फिरवा. काही मिळालं नाही तर प्रोब अर्धा सेंटिमीटर मागे, कानाकडे न्या आणि पुन्हा तेच. घाईने मोठे झोके घेणाऱ्याच्या हातून खिडकी निसटते.

आधी कान, मग डोळे. चांगला सिग्नल पडद्यावर दिसण्याआधी ऐकू येतो: मागे खरखर आणि तिच्यातून नाडीच्या लयीत उमटणारा ‘हूऽश, हूऽश’. आवाज पोकळ, लांबून आल्यासारखा असेल तर ध्वनीचा किरण धमनीच्या कडेला लागतोय. कोन दोन-तीन अंशांनी बदला. आवाज जवळ येतो, स्वच्छ होतो आणि पडद्यावरची वरची कड रेघ मारल्यासारखी ठळक होते. तिथे थांबा. किरण आणि प्रवाह यांच्यातला कोन ३० अंश असला तरी आकडा सुमारे १३ टक्क्यांनी कमी येतो. म्हणून दिसलेला पहिला सिग्नल घ्यायचा नसतो; त्या खोलीवरचा सर्वांत जास्त वेग देणारा कोन घ्यायचा असतो.

आता ही धमनी एमसीएच आहे, याची खात्री. प्रवाह प्रोबच्या दिशेने, म्हणजे शून्यरेषेच्या वर. निरोगी प्रौढात सरासरी वेग साधारण ५५ सेंमी/सेकंद, वयाबरोबर कमी होत जाणारा. खोली २-२ मिमीने वाढवत ६० ते ६५ मिमीवर जा: शून्यरेषेच्या वर आणि खाली दोन्हीकडे प्रवाह दिसला की ते कॅरोटिडचं (मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या मोठ्या धमनीचं) विभाजन. तिथून पुन्हा वर या. एमसीए ४५ मिमीपर्यंत, कित्येकदा त्याहूनही उथळ, सलग मागोवा घेऊ देते. नवशिक्यांची हमखास चूक म्हणजे मागच्या धमनीला, पीसीएला, एमसीए समजणं. तिचा प्रवाहही सुरुवातीच्या भागात प्रोबकडेच येतो. पण ती ६० ते ७० मिमीवर मिळते, वेग ४० च्या आसपास असतो आणि ५५ मिमीपेक्षा उथळ गेलं की नाहीशी होते. शंका राहिली तर डोळे मिटायला आणि उघडायला सांगा: दृष्टीचा भाग पीसीएवर चालतो, त्यामुळे डोळे उघडले की तिचा वेग लक्षणीय वाढतो, एमसीएचा फारसा हलत नाही. धमनी ओळखण्यासाठी मानेतली कॅरोटिड दाबायची जुनी रीत सोडून द्या. तिथे चरबीचा थर असेल तर तुकडा सुटून तुम्ही ज्याचा अभ्यास करताय तो आजारच घडेल.

खात्री झाली की पॉवर सिग्नल टिकेल एवढी खाली आणा, फ्रेम आवळा, आणि खोली, बाजू, पॉवर, वेग लिहून ठेवा. त्वचेवर मार्करने प्रोबची कड आखा आणि कानाच्या टोकापासूनचं अंतर फूटपट्टीसह टिपा. तीन महिन्यांनी तोच रुग्ण परत येईल तेव्हा याच नोंदीवरून तीच जागा मिळते. डोळ्याच्या खिडकीतून कधी नोंद घ्यावी लागली तर पॉवर आधी १० टक्क्यांवर आणा, मगच प्रोब पापणीवर ठेवा. डोळ्यासाठीची मर्यादा डोक्याच्या मर्यादेच्या कितीतरी खाली आहे.

१० ते २० टक्के लोकांत कानशिलाची खिडकी मिळतच नाही. हे प्रमाण वयस्कर स्त्रियांत सर्वांत जास्त, कारण तिथलं हाड जाड आणि सच्छिद्र होतं. स्ट्रोकच्या अभ्यासातून नेमक्या याच बायका गळतात आणि उरलेल्या पुरुषांचे निष्कर्ष सगळ्यांना लावले जातात. किती जणांना खिडकी मिळाली नाही, त्यांचं वय आणि लिंग काय, हे निबंधात लिहिणं हे कर्तव्य समजा, आणि नमुनासंख्या ठरवताना ही गळती आधीच धरा.

रक्तदाब आणि कार्बन डायऑक्साइड

धमनीतल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब १ मिमी पाऱ्याने बदलला की वेग ३ ते ४ टक्क्यांनी बदलतो. घाबरलेला माणूस भराभर श्वास घेऊ लागला आणि ४० चे ३४ झाले, तर ६० चा वेग ५० च्या खाली उतरतो. धमनीला काहीच झालेलं नसतं. म्हणून फ्रेम बांधल्यावर १० मिनिटं नुसतं पडू द्या आणि कॅप्नोग्राफचा आकडा १ मिमीच्या आत स्थिर झाल्यावरच नोंद सुरू करा. नाकाची नळी तोंडाने श्वास घेणाऱ्याला उपयोगाची नाही. तिथे घट्ट मास्क लावा. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात उच्छ्वासाचा आकडा धमनीतल्या आकड्याहून सहसा ३ ते ५ मिमीने कमी असतो आणि फुप्फुसाला इजा असेल तर फरक बराच वाढतो, तेव्हा एक एबीजी (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) नोंदीच्या वेळेचं हवंच.

बोटाचा कफ थंड बोटावर खोटं बोलतो. हात आधी कोमट पाण्याच्या पिशवीने गरम करा. यंत्र मधूनमधून स्वतःचं कॅलिब्रेशन करतं आणि तेवढे ठोके गाळतं. स्थिर झाल्यावर मुख्य नोंदीपुरतं ते बंद ठेवा. हात हृदयाच्या पातळीवर हवा. १० सेंमी उंची-खोलीच्या फरकाने दाब साधारण ८ मिमी पाऱ्याने चुकतो. आयसीयूत डोकं ३० अंशांवर उचललेलं असतं. तिथे ट्रान्सड्यूसर हृदयाशी लावलाय की कानाच्या छिद्राशी, यावरून मेंदूच्या दाबाचा हिशेब सरळ १० मिमीने इकडचा तिकडे होऊ शकतो. मेंदूला मिळणारा दाब म्हणजे सरासरी रक्तदाब वजा कवटीतला दाब. दुखापतीच्या रुग्णात तो ६० ते ७० ठेवायचा असतो. त्या अरुंद पट्ट्यात १० मिमीची चूक म्हणजे सगळा पट्टाच हुकला. ट्रान्सड्यूसर कुठे लावला ते प्रत्येक नोंदीवर लिहा.

सगळ्यात दगाबाज चूक वेळेची असते. कॅप्नोग्राफची नळी काही सेकंद उशिरा दाखवते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण रक्तदाबाची काही यंत्रं बाहेर सिग्नल देतानाही उशीर करतात. ०.१ हर्ट्झच्या लहरीत १ सेकंदाचा उशीर म्हणजे ३६ अंशांचा फेज (दोन लहरींमधलं मागेपुढे असणं). निरोगी माणसात या पट्ट्यात वेग दाबाच्या पुढे धावतो तो जवळपास तेवढाच. म्हणजे दाबाचा सिग्नल एक सेकंद मागे पडला, तर मेंदूचं नियंत्रण (दाब बदलला तरी प्रवाह सांभाळण्याची क्षमता) पूर्ण गेलेला रुग्णही कागदावर ठणठणीत दिसेल. यंत्राच्या माहितीपत्रकातला उशीर शोधा, स्वतः मोजून पाहा, आणि दर नोंदीच्या सुरुवातीला आणि शेवटी जागत्या माणसाला एकदा खोकायला सांगा. दोन्ही आलेखांत उमटलेला तो टोकदार काटा पुढे जुळणी तपासायला कामी येतो.

रुग्णाच्या खाटेशी

कवटीचं हाड काढलेल्या रुग्णात त्या बाजूला फ्रेम नाही, दाब नाही. हाड नसल्यामुळे सिग्नल तिथे जोरात मिळतो आणि मोह होतो, पण खाली थेट मेंदू आहे. हाताने, भरपूर जेलवर तरंगता प्रोब, तोही न्यूरोसर्जनने परवानगी दिली तरच. ईव्हीडीची (मेंदूतलं पाणी बाहेर काढणारी) नळी, टाके, ड्रेसिंग यांपासून लांब राहा.

कवटीतला दाब वाढलेला असेल तर श्वास रोखणं, कार्बन डायऑक्साइड हुंगवणं असल्या चाचण्या करायच्याच नाहीत. वाढलेला प्रवाह दाब आणखी चढवतो.

संशोधनाची नोंद घेताना एमसीएचा सरासरी वेग ३० च्या खाली, हृदय शिथिल असतानाचा वेग २० च्या खाली आणि पल्सॅटिलिटी इंडेक्स १.४ च्या वर दिसला, तर नोंद बाजूला ठेवा आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना तिथल्या तिथे सांगा. मेंदूला रक्त कमी पडत असल्याची ती खूण आहे. हा इंडेक्स म्हणजे सर्वोच्च वेगातून सर्वांत कमी वेग वजा करून सरासरी वेगाने भागलेला आकडा. एरवी तो ०.६ ते १.१ असतो. असं दिसलं तर कोणाला फोन करायचा, हे प्रोटोकॉलमध्ये आधीच लिहिलेलं हवं.

रक्तस्रावानंतर धमनी आकसली आहे का, हा प्रश्न असेल तर मानेतली नोंद टाळू नका. जबड्याच्या कोनाखाली प्रोब वरच्या दिशेला धरून ४५ ते ५० मिमीवर इंटर्नल कॅरोटिड पकडा. इथे प्रवाह प्रोबपासून दूर जातो. एमसीएचा सरासरी वेग भागिले हा वेग, हे लिंडेगार्ड गुणोत्तर. दोन रुग्णांत एमसीए १५० आहे. पहिल्यात मानेत ६०, म्हणजे गुणोत्तर २.५: सगळीकडेच रक्त जास्त वाहतंय. दुसऱ्यात मानेत ४०, म्हणजे ३.७५: धमनी आकसली आहे. आकडा तोच, आजार उलटे, आणि उपचारही वेगळे. ३ च्या वर आकुंचन, ६ च्या वर तीव्र. ॲन्युरिझम, म्हणजे धमनीवरचा फुगा, फुटल्यानंतर हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं आणि ७ ते १० दिवसांत टोकाला जातं. त्या काळात दिवसाआड एक नोंद पुरत नाही, रोज घ्या.

विदर्भात किंवा नंदुरबारकडे काम करणाऱ्यांनी हे कौशल्य एका वेगळ्या कारणासाठीही शिकावं. सिकलसेलच्या मुलांत सरासरी वेग २०० सेंमी/सेकंद किंवा जास्त असेल तर स्ट्रोकचा धोका मोठा असतो, आणि अशा मुलांना नियमित रक्त दिल्याने पहिला स्ट्रोक ९० टक्क्यांहून अधिक टळतो, हे १९९८ च्या स्टॉप चाचणीने दाखवलं. प्रोब तोच, खिडकी तीच, आणि मुलांची खिडकी सापडतेही चटकन.

नियंत्रणाची चाचणी: ऑटोरेग्युलेशन

रक्तदाब खालीवर झाला तरी मेंदू आपला प्रवाह सांभाळतो. दुखापत आणि स्ट्रोकमध्ये हे नियंत्रण बिघडतं आणि बिघाड पहिल्या काही दिवसांत वाढतही जातो. ते मोजायचं म्हणजे दाब हलला की वेग कसा हलतो ते पाहायचं. दाब हलवण्याच्या रीती अनेक आहेत. मांडीचे कफ सिस्टॉलिकच्या २० मिमी वर ३ मिनिटं फुगवून एकदम सोडणं ही आस्लिडची १९८९ ची पद्धत. दाब झटकन पडतो आणि वेग दाबाच्या आधी सावरतो का, ते दिसतं. पायाला फ्रॅक्चर, रक्ताची गुठळी किंवा धमन्यांचा आजार असेल तर ती वर्ज्य, म्हणजे अपघाताच्या रुग्णांत बहुधा वर्ज्यच. बरं झालेल्या, तोल सांभाळणाऱ्या माणसाला ५ मिनिटं उठाबशा घालायला लावणं उत्तम: १० सेकंद बसून, १० सेकंद उभं, म्हणजे ०.०५ हर्ट्झ. दाबाच्या लाटा इतक्या मोठ्या येतात की हिशेब स्वच्छ निघतो. शेजारी पकडायला माणूस आणि मागे खुर्ची हवी.

तीव्र अवस्थेतल्या रुग्णाला मात्र काहीच करायला लावू नका. तो स्वस्थ पडलेला असताना दाबात आपोआप होणारे चढउतार पुरेसे असतात. निदान ५ मिनिटं सलग, आम्ही १० घेतो. बोलणं नाही, झोप नाही, नर्सचा हात मधे नाही. नोंद चालू असताना पडद्यासमोर एक जण बसलाच पाहिजे, आणि काही झालं की घड्याळाची वेळ टाकून लिहायचं: ‘११:०४ जांभई’, ‘११:०६ बीपीचा अलार्म’.

रक्तवाहिन्यांची उरलेली ताकद, म्हणजे गरज पडली तर आणखी रुंदावण्याची क्षमता, तपासायला श्वास रोखण्याची चाचणी स्वस्त आणि चांगली आहे, रुग्ण जागा आणि कवटीतला दाब ठीक असेल तर. साधा श्वास घेऊन ३० सेकंद रोखायला सांगा. खोल श्वास भरून नको, छातीतला दाब वाढून वेग आधी पडतो. वेग ५० चा ६५ झाला तर वाढ ३० टक्के, भागिले ३० सेकंद, इंडेक्स १. ०.६९ च्या खाली असेल तर ताकद कमी मानतात.

हिशेब

आधी नुसते आलेख डोळ्यांनी पाहा, सगळे, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एकदोन ठोके बिघडले असतील तर शेजारच्या ठोक्यांवरून सरळ रेषेने भरता येतात. त्याहून लांब खिंडार असेल तर तो तुकडा सोडा. एट्रियल फिब्रिलेशनच्या (हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या) रुग्णाची नोंद नेहमीच्या पद्धतीत कोंबू नका. त्यांचा गट वेगळा ठेवा.

ट्रान्सफर फंक्शनसाठी, म्हणजे दाबाच्या प्रत्येक लहरीला वेग किती आणि कधी उत्तर देतो या हिशेबासाठी, सीएआरनेट या ऑटोरेग्युलेशनच्या संशोधकांच्या गटाने २०१६ मध्ये एकसमान रीत सुचवली. ती सोडून स्वतःची रीत काढायला फार सबळ कारण हवं. दर ठोक्याची सरासरी काढून ती ४ हर्ट्झ किंवा अधिकने समान अंतरावर बसवा. सरासरी वजा करा, पण कल काढून टाकू नका. आपल्याला हव्या त्या संथ लहरी त्यातच असतात. निदान १०० सेकंदांच्या हॅनिंग खिडक्या (इथे खिडकी म्हणजे हिशेबासाठी पाडलेला नोंदीचा तुकडा), ५० टक्के ओव्हरलॅप. ५ मिनिटांत अशा पाच खिडक्या बसतात आणि तेवढ्यांसाठी कोहिरन्सची (दाब आणि वेग यांच्यातल्या मेळाची) पातळी ०.३४; ज्या फ्रिक्वेन्सीवर ती याखाली असेल तिथला गेन (दाबाच्या बदलाच्या मानाने वेग किती बदलतो) आणि फेज ग्राह्य नाही. पट्टे तीन: ०.०२ ते ०.०७, ०.०७ ते ०.२ आणि ०.२ ते ०.५ हर्ट्झ. फेज शून्याकडे सरकला म्हणजे वेग दाबामागे निमूट जातोय, नियंत्रण गेलं.

आयसीयूतल्या तासन्‌तासांच्या नोंदीला चोस्निकांचा १९९६ चा एमएक्स हा इंडेक्स सोपा पडतो. दाब आणि वेग दोन्हींची १०-१० सेकंदांची सरासरी, ५ मिनिटांत ३० जोड्या, त्यांचा पिअरसन सहसंबंध, आणि ही खिडकी पुढे सरकवत राहायचं. ०.३ च्या वर म्हणजे नियंत्रण बिघडलेलं. कवटीतला दाब मोजला जात असेल तर मेंदूला मिळणारा दाब वापरा; नसेल तर धमनीचा दाब वापरून त्याला एमएक्सए म्हणा. दोन्हींचे आकडे एका तक्त्यात मिसळू नका, एमएक्सए सहसा वरचढ येतो.

एका ५ मिनिटांच्या तुकड्यावर रुग्णाचा निकाल लावू नका. आपोआप होणारे चढउतार लहान असतील, दाब जवळजवळ सपाट असेल, तर कोणताच इंडेक्स बोलत नाही. जे दिसतं ते गोंगाटाचा सहसंबंध असतो. त्या तुकड्यात दाब किती हलला, हे प्रत्येक इंडेक्सशेजारी द्या.

नव्या हाताने रुग्णाकडे वळण्याआधी २० ते ३० निरोगी स्वयंसेवकांवर सराव करावा, आणि त्यांतल्या काहींची नोंद आठवड्याने पुन्हा, जुने आकडे न पाहता घ्यावी. दोन नोंदींत वेगाचा फरक १० टक्क्यांच्या आसपास राहू लागला की हात बसला. निबंधात खोली, पॉवर, सॅम्पल, खिडकी न मिळालेल्यांची संख्या, कार्बन डायऑक्साइड, हिमोग्लोबिन, ट्रान्सड्यूसरची जागा आणि गाळलेल्या तुकड्यांचं कारण द्या. कच्चे सिग्नल रुग्णाचं नाव काढून, सांकेतिक क्रमांकाने, दोन ठिकाणी जपून ठेवा. क्रमांक आणि नावाची यादी तिसरीकडे, कुलपात.